शेजाऱ्याचे पीक हिरवे का दिसते?

शेजाऱ्याची कपाशी आपल्यापेक्षा हिरवी दिसली की आपण युरियाची आणखी एक गोणी टाकतो. पण थोडे थांबा. बांधावरून दूरचे पीक तिरपे दिसते, त्यामुळे ओळींमधील माती पानांआड झाकली जाते. आपल्या पायाजवळ मात्र माती व नांगे स्पष्ट दिसतात. म्हणून शेजाऱ्याला विचारून त्याच्या शेतात उतरा आणि दोन्हीकडील १०-१० झाडांची बोंडे मोजा.

पीक खरोखरच गर्द हिरवे असेल, तर नत्र जादा झालेले असू शकते. युरियात ४६ टक्के नत्र असते. जादा नत्राने झाडे माजतात, बोंडे उशिरा फुटतात, मावा-तुडतुडे वाढतात व फवारणीचा खर्च चढतो. नत्राची मात्रा माती परीक्षणानुसार ठरवून हप्त्याहप्त्याने द्यावी.