दिवा आपला, खांबावर कोण?

लाइट गेली की आपण पहिल्यांदा काय करतो? मेणबत्ती शोधत नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहतो. तिथेही अंधार असला की जीव भांड्यात पडतो. फक्त आपलीच गेली असेल तर मात्र घरात एकच धावपळ उडते. फ्यूज पाहा, बिल भरले होते का ते आठवा, वायरमनचा नंबर शोधा! अंधार सार्वजनिक असला की तो आपल्याला सोसतो. पण या सोसण्यालाही आता मर्यादा आल्या आहेत. फ्रिजमध्ये आजींचे इन्सुलिन असते, सून घरी बसून नोकरी करते आणि अकराव्या मजल्यावरच्या नळाला येणारे पाणी पंपाच्या कृपेने येते. मग कुणीतरी म्हणते, 'एक जनरेटरच घेऊन टाकू या.'

भारनियमन हा शब्द महाराष्ट्राने २००५ नंतरच्या काही वर्षांत तोंडपाठ केला होता. पिठाच्या गिरणीपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेले असे आणि गृहिणी त्यानुसार मिक्सर लावत. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास वीज नसे. पुण्याने तेव्हा निराळी वाट काढली. २००६ साली तिथल्या कारखान्यांनी आपापली डिझेल जनित्रे चालवायची, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल करायचा, अशी योजना आखली गेली. धूर कारखान्यात आणि पंखा कोथरूडला, असा तो सौदा होता.

ते दिवस सरले. आता वीज बहुधा वेळापत्रक लावून जात नाही, न सांगता जाते. आणि कधी कधी गेली की लवकर येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि आसपासचा परिसर काही तास ठप्प झाला, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. 'मुंबईची लाइट जात नाही' या अभिमानाला त्या दिवशी तडा गेला. त्याआधी चारच महिने, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले होते. पोफळी-नारळांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. राज्याच्या इतर भागांतून महावितरणची पथके कोकणात उतरली, तरी श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी वाड्यांना आठवडेच्या आठवडे अंधारात काढावे लागले. विहिरीत पाणी होते, पण ते उपसणारा पंप मुका होता.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्याकडे वीज किती वेळा जाते यापेक्षा गेली की किती वेळ जाते? दोन-तीन तासांचा प्रश्न असेल तर जनित्राच्या नादी लागूच नये, इन्व्हर्टर पुरतो. १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी तीन पंखे, चार ट्यूब, टीव्ही आणि इंटरनेटचा डबा सुमारे तीन तास चालवते. आवाज नाही, धूर नाही. वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घातले की झाले. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र लावलेले रुग्ण आहेत, त्यांनी तर आधी हीच सोय करावी. जनित्र सुरू होईपर्यंतची पाच मिनिटेही तिथे फार असतात. जनित्राचे काम दिवसांच्या अंधारासाठी आणि पंपासाठी.

घेताना दुकानदार विचारतो, 'किती केव्हीए?' आणि आपण शेजाऱ्याने घेतले तेवढे सांगून मोकळे होतो. वास्तविक हा हिशेब किराण्याच्या यादीइतका सोपा आहे. साधा पंखा ७५ वॉट, एलईडी ट्यूब २०, टीव्ही १००, फ्रिज चालू असताना दीडशे ते दोनशे. ही बेरीज जेमतेम सहाशे-सातशे होते. जनित्रावर लिहिलेल्या केव्हीएला साधारण ०.८ ने गुणले की किलोवॉट मिळतात. म्हणजे २ केव्हीएचे यंत्र १६०० वॉट देते. एवढ्यावर घर सुखाने चालते. घोडे अडते ते पंपापाशी. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट हे शाळेत शिकलेले असते, पण तेवढी ताकद पाण्याला द्यायला पंप स्वतः हजारभर वॉट ओढतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही जास्त मागतो. २ केव्हीएचे जनित्र तिथे घुसमटते, दिवे मंद होतात आणि पंपाचे वाइंडिंग जळण्याची वेळ येते. पंप चालवायचा असेल तर ४-५ केव्हीएचा विचार करावा आणि पंप सुरू करताना बाकी सगळे बंद ठेवावे. गीझर आणि इस्त्री यांना या यादीत थारा नाही. लाइट नसताना कपड्यांची घडी मोडली तर कुणी नावे ठेवत नाही.

इंधनाचे गणित मात्र कुणी आधी सांगत नाही. पूर्वीची छोटी जनित्रे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवीत. रेशनच्या रॉकेलचे ते दिवस गेले. आता पेट्रोल, आणि एका लिटरात छोटे यंत्र जेमतेम दीड युनिट वीज देते. पेट्रोल शंभरी ओलांडून बसले आहे, म्हणजे एक युनिट साठ-सत्तर रुपयांना पडले! तेव्हा सकाळी दोन तास चालवून टाकी भरून घ्यावी, फ्रिज गार करून घ्यावा, मोबाइल आणि इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करावी आणि बंद करावे. रात्र इन्व्हर्टरवर काढावी. कोकणात जाणते लोक असेच करतात.

जागेचा प्रश्न यापुढचा, आणि इथे हयगय नको. पाऊस कोसळत असतो, यंत्र महाग असते, चोरीची भीती असते. मग ते पडवीत, जिन्याखाली किंवा शटर अर्धे ओढून दुकानात ठेवले जाते. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते, आणि माणसाला वाटते दिवसभराचा शीण आहे. बंद खोलीत जनित्र चालू ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. खिडकी उघडी ठेवली तरी भागत नाही. यंत्र घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर, धुराड्याचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला. डोक्यावर पत्रा चालेल, पण चारी बाजू मोकळ्या हव्यात. पेट्रोल भरायचे ते इंजिन बंद करून आणि गार झाल्यावर. फ्लॅटच्या बाल्कनीत जनित्र ठेवायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. वरच्या मजल्यावरची मंडळीही श्वास घेतात.

यंत्र आले, जागा ठरली. आता त्याची वीज घरात न्यायची कशी? वायर टाकून फ्रिज आणि दोन दिवे थेट जनित्रालाच जोडले तर प्रश्न नाही. पण आपल्याला बटण दाबले की नेहमीचा पंखा फिरायला हवा असतो. मग कुणीतरी हुशार पुतण्या किंवा नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन एक वायर बनवून देतो. तिच्या दोन्ही टोकांना पिना. एक टोक जनित्रात, दुसरे घरातल्या प्लगमध्ये. सगळे घर उजळते. खर्च शंभर-दोनशे रुपये. या वायरीइतकी घातक वस्तू घरात दुसरी नसेल.

कारण प्लगमधून शिरलेली वीज घरातच थांबते असे नाही. मेन स्विच चालू राहिला तर ती मीटरमधून उलटी बाहेर, खांबावरच्या तारेवर जाते आणि तिथून डीपीपर्यंत. ११ हजार व्होल्टचे २३० करणारा तो ट्रान्सफॉर्मर उलट्या वाटेनेही तितक्याच इमानाने काम करतो. आपले २३० तो हजारोंत नेऊन ठेवतो. एरवी सगळ्या आळीचा भार एका छोट्या जनित्राला झेपत नाही आणि ते आचके देऊन बंद पडते. पण वादळात तारा तुटलेल्या असतात. जनित्राला जोडलेला तारेचा तुकडा छोटा असतो, त्यावर भार जवळजवळ नसतो, आणि जनित्र मजेत घुमत राहते. त्याच तुकड्यावर हात घालणारा माणूस खांबावर चढलेला असतो. उपकेंद्रातून परमिट घेतलेले असते, लाइन बंद आहे असे त्याला सांगितलेले असते. नियमाप्रमाणे त्याने तारेला अर्थिंगची साखळी लावून, हातमोजे घालूनच काम करायचे असते. पण तिसरा दिवस आहे, खाली गावकरी 'आमची कधी येणार?' म्हणून घेरून उभे आहेत, आणि अजून चाळीस खांब बाकी आहेत.

'मेन स्विच आम्ही पाडतोच की,' असे उत्तर येते. पाडताही असाल. पण रात्री दोन वाजता, पावसात, टॉर्च तोंडात धरून, घरातला दुसराच कुणी जनित्र सुरू करील तेव्हा? शिवाय ही वायर प्लगमधून निघाली की तिच्या उघड्या पिनांत जिवंत वीज असते. घरातले पोर तिथे बोट लावायला कितीसा वेळ?

यावर उपाय आहे तो चेंजओव्हर स्विच. एक दांडा, तीन जागा: महावितरण, मधे बंद, आणि जनित्र. दांडा एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो, आठवणीवर काही सोपवलेलेच नाही. घेताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्यावा. बसवायचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून, अर्थिंगसह करून घ्यावे. चाळीस-पन्नास हजारांच्या यंत्रावर हात सैल सोडणारे लोक इथे मात्र घासाघीस करतात, याचे नवल वाटते.

छपरावर सौर पॅनेल बसवलेल्या मंडळींची एक तक्रार इथेच समजून घेता येईल. भर उन्हात लाइट गेली आणि पॅनेल असूनही घरात अंधार! विक्रेत्याने फसवले असे वाटते. तसे नसते. ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर लाइन मेली की स्वतःहून बंद पडतो, कारण त्याची वीजही त्याच तारेवर, त्याच माणसाच्या हातात जाईल. ज्यांना त्या वेळीही वीज हवी त्यांनी बॅटरीसह चालणारा हायब्रीड प्रकार विचारून घ्यावा.

सोसायट्यांचे डिझेल जनित्र हा स्वतंत्र लेखाचा विषय, सर्वसाधारण सभेत तो निघाला की चहा गार होतो. एवढेच सांगतो की २००५ पासूनच्या डिझेल जनित्रांना एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे; तेव्हा 'आवाज होणारच' हे ठेकेदाराचे म्हणणे मान्य करू नये.

घेतलेले यंत्र झाकून ठेवले की ते रुसते. जुने पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसते आणि ऐन वादळात दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. महिन्यातून एकदा पंखे-दिव्यांचा भार देऊन पंधरा मिनिटे चालवावे, ऑइल पाहावे. मृग लागण्याआधी, मेअखेरीस, एकदा इलेक्ट्रिशियनला बोलवावे. लाइट गेलेली असताना जनित्र सुरू करून दांडा त्याच्या बाजूला टाकायला सांगावे, घरातले दिवे लागू द्यावेत, आणि मग त्याच्याकडून मीटरच्या बाजूच्या तारेवर टेस्टर लावून घ्यावा. तो पेटता कामा नये.