सोन्याची निब आणि सोनाराची मूस

सोन्याचा भाव चढू लागला, की घराघरांतील जुने डबे उघडले जातात. तुटलेली साखळी, एकटे राहिलेले कर्णफूल, झिजलेली अंगठी यांच्या संगतीने कधीकधी आणखी एक वस्तू सोनाराच्या तराजूत पडते. ती म्हणजे आजोबांच्या फाउंटन पेनची निब. चौदा कॅरटचे ते सोने बहुधा ग्रॅमभरही भरत नाही. तेवढ्यासाठी पेनचा गळा आवळून निब उपटली जाते आणि उरलेला दांडा केराच्या टोपलीत जातो. वस्तू ज्याची त्याची, तेव्हा या व्यवहाराला आक्षेप घेण्याचा अधिकार आम्हांला नाही. तथापि त्यात जे नाहीसे होते त्याचा हिशेब तराजूत होत नाही, एवढे सांगण्याचा अधिकार मात्र आम्ही राखून ठेवतो.

जुनी पेने जमविणारी मंडळी हा हिशेब जाणतात. त्यांचा छंद म्हणजे रिकामटेकड्यांचे खूळ, असा सर्वसाधारण समज आहे. पूर्वी आमचाही होता. परंतु अशा एखाद्या छांदिष्टाच्या पुढ्यात तासभर बसावे, म्हणजे बोटभर लांबीच्या वस्तूत किती विचार साठलेला असतो ते कळते. शाई एका मार्गाने उतरायची, तर दुसऱ्या मार्गाने हवा आत शिरली पाहिजे, हे साधे तत्त्व लुईस वॉटरमनने व्यवहारात आणले आणि १८८४ साली त्याचे अमेरिकन पेटंट घेतले. शाई भरताना हात काळे होत, म्हणून शेफरने रबराची नळी दाबणारा खटका दांड्याच्या अंगात बसविला. निब सोन्याची, तीही श्रीमंती मिरविण्यासाठी नव्हे. तेव्हाच्या शाईतील आम्ल पोलाद खाऊन टाकी, सोन्याला ते काही करू शकत नसे. मात्र सोने मऊ, कागदावर झिजणारे; म्हणून टोकाशी अत्यंत कठीण धातूचा सूक्ष्म मणी जडविलेला असे. तो मणी वर्षानुवर्षांच्या लिखाणाने लिहिणाऱ्याच्या हाताच्या कलाप्रमाणे घासला जातो. म्हणूनच दुसऱ्याचे पेन आपल्या हाती नीट चालत नाही, असे जुने लोक म्हणत. निब मुशीत गेली, की त्या हाताची उरलेली एकमेव खूणही गेली.

आमच्या गोव्यात या छंदाला वेगळाच इतिहास आहे. १९६१ पूर्वी, भारतात परदेशी मालावर निर्बंध असताना, येथील बाजारात परदेशी घड्याळे, मद्य आणि पेने मिळत. परिणामी गोमंतकीय घरांच्या खणांत पार्कर आणि पेलिकन आजही निघतात. १९४१ साली बाजारात आलेले पार्कर ५१ तर प्रतिष्ठेचे चिन्हच होऊन बसले होते. खिशाला त्याचा बाणाकृती क्लिप दिसला, की माणसाचे वजन वाढे! गुलामीच्या काळातील ही सुबत्ता आम्हांला आठवायला फारशी आवडत नाही. पण ती होती.

त्याच काळात सरहद्दीपलीकडे निराळी धडपड चालली होती. आंध्रातील राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी एबोनाइटचे स्वदेशी पेन घडवून कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे पाठविले. १९३५ साली गांधीजींनी पत्र लिहून, बाजारातील परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, अशी पोच दिली. बोरूने लिहिणे पसंत करणाऱ्या माणसाची ही पावती होती! मुंबईत दांडेकरांनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या करण्यापासून आरंभ केला. तोच उद्योग पुढे कॅम्लिन म्हणून घरोघरी पोहोचला. भाषाशुद्धीच्या आग्रहातून 'झरणी' हा गोड शब्दही आपल्याला मिळाला होता. तो रुजला नाही, हे आमच्या मते शब्दाचे नव्हे, आपलेच दुर्दैव. असो. दुःखाची गोष्ट ही, की संग्राहकही परदेशी पेनांमागे धावतात आणि देशी कारागिराने खरादावर कातलेले पेन चार आण्यांची वस्तू म्हणून बाजूला सारतात. पार्कर हजारोंनी निघाले, ते जगात कुठेतरी उरतीलच. एखाद्या गावच्या कारागिराचे पेन गेले, की ते कायमचे गेले.

संग्राहकांविषयी आमची आणखी एक तक्रार आहे. दांड्यावर पूर्वी मालकाचे नाव कोरण्याची पद्धत होती. अमुक गुरुजी, अमुक वकील, खाली सन. नाव असले की पेनची किंमत उतरते, म्हणून ते घासून काढणारे महाभाग आहेत. उजेडाने तपकिरी पडलेले एबोनाइट पुन्हा काळेभोर करून नव्याच्या भावात खपविणारेही आहेत. सोनार निब वितळवितो, हे नाव पुसतात. दोघांत डावे-उजवे काय करावे?

खण उघडल्यावर असे पेन हाती आले, तर प्रथम त्यावर जोर लावू नये. आतील रबराची नळी बहुधा वाळून कडक झालेली असते. खटका ओढला की ती कडाडते आणि खटकाही मोडतो. निबेचा भाग तेवढा साध्या गार पाण्यात बुडवून ठेवावा, गरम पाणी कटाक्षाने टाळावे. केसिनच्या जुन्या पेनला पाणीही सोसत नाही, ते फुगते. शंका असल्यास ओल्या फडक्यावर भागवावे. नवी नळी लाखेने चिकटवून देणारा जाणकार आता शोधावा लागतो, पण सापडतो. शाई भरून पहिली ओळ उमटली, म्हणजे खणातील जुनी पत्रे काढावीत आणि अक्षर ताडून पाहावे.