मेणबत्तीचे पैसे आधी मेणाला!



कालच्या व्हिडिओत आपण जारमधली सुगंधी मेणबत्ती करून बघितली. त्यावर सगळ्यांत जास्त आलेला प्रश्न एकच: "मॅडम, यात सुटतात किती?" म्हणून आज कृती थोडक्यात आणि हिशोब सविस्तर.

आधी माझीच चूक सांगते. सांगलीत दुकान टाकलं त्या पहिल्या दिवाळीत माझे १८० जार संपले. हातात रोख आली आणि फराळ, कपडे, घरातली उधारी असं करत सगळी गेली. भाऊबीज झाली आणि ओळखीच्या एका ताईंनी लग्नात द्यायला १०० जार मागितले. माझ्याकडे मेण घ्यायला पैसे नव्हते. ऑर्डर हातची गेली. बीबीएला 'वर्किंग कॅपिटल'वर उत्तर लिहून चांगले मार्क मिळवले होते, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

हीच गोष्ट आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात एका माणसाने हातगाडीवर करून दाखवली आहे. भावेश भाटिया हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ऐन तारुण्यात त्यांची दृष्टी गेली. मुंबईला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये ते मेणबत्त्या करायला शिकले आणि १९९० च्या दशकात महाबळेश्वरला हातगाडीवर विकायला लागले. रोजच्या विक्रीतून २५ रुपये ते दुसऱ्या दिवशीच्या मेणासाठी बाजूला ठेवायचे. त्यातूनच सनराइज कँडल्स उभी राहिली आणि पुढे शेकडो दृष्टिहीन लोकांना काम मिळालं. २५ रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नाही, पण ते पैसे घरखर्चात गेले असते तर दुसऱ्या दिवशी गाडीवर माल नसता.

आता आपला हिशोब. भाव मी समजा म्हणून धरलेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. १५० ग्रॅम मेणाचा एक जार:

मेण, ३०० रुपये किलोने – ४५
सुगंध, मेणाच्या ८ टक्के म्हणजे १२ ग्रॅम, २००० रुपये किलोने – २४
काचेचा जार – ३५
वात, लेबल, खोकं – १६
एकूण कच्चा माल – १२० रुपये

यात गॅस आणि बिघडलेल्या मालाचे १० आणि तुमच्या मजुरीचे ३० धरा. झाले १६०. बऱ्याच जणी मजुरी धरतच नाहीत आणि १५० ला विकून "३० सुटले" म्हणतात. अहो, सुटले नाहीत, उलट १० गेले! २०० ला विकला तर नफा ४०. आणि प्रत्येक जारमागे १३० रुपये वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात टाकायचे. घरात कितीही अडचण आली तरी त्याला हात लावायचा नाही.

माल बिघडला की हा डबा गळतो, म्हणून कृतीतल्या चार गोष्टी सांभाळा.

१. मेण थेट गॅसवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करून वर झाकण टाकायचं.

२. सोया वॅक्स साधारण ८० ते ८५ अंशांवर असताना सुगंध घाला आणि दोन मिनिटं हळू ढवळा. सगळं वजनकाट्यावर मोजून घ्या, अंदाजाने नको. जास्त सुगंध घातला की तेल वर सुटतं.

३. ओतल्यावर लगेच विकू नका. सोया वॅक्सला एक-दोन आठवडे मुरू द्या, वास खुलतो. म्हणजे दिवाळीचा माल दसऱ्याच्या आधी तयार हवा.

४. नव्या जारची एक मेणबत्ती स्वतः जाळून बघा. वात ५ मिलिमीटरला कापा. तीन-चार तासांत मेण कडेपर्यंत वितळलं नाही तर वात बारीक आहे. काजळी धरली किंवा ज्योत फार मोठी झाली तर वात जाड आहे.

आपल्या हवेचंही ध्यान ठेवा. सांगलीत एप्रिल-मे मध्ये मऊ सोया वॅक्स दुकानातच पाघळतं, म्हणून त्या दिवसांत माल उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या थंडीत उलटं होतं. जार गार असेल तर मेण काचेपासून सुटतं आणि डाग दिसतात. ओतण्याआधी जार थोडा कोमट करून घ्या.

सुरुवात १० जारने करा. त्यांचे १३०० रुपये डब्यात परत आले की मगच पुढचे १०. घरच्यांनी विचारलं, "डब्यात एवढे पैसे आहेत, मग देत का नाहीस?" तर सांगा, ते माझे नाहीत, मेणाचे आहेत.

पुढच्या व्हिडिओत वात कशी निवडायची ते जार घेऊन दाखवते. तोपर्यंत वही काढा आणि तुमच्या एका जारचा हिशोब आजच लिहा.