चिंच भांड्याबाहेर, चिंच भांड्यात

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. खारदांड्याच्या कोळीवाड्यात माझ्या एका मैत्रिणीचं सासर आहे, तिच्याकडे गेले होते. कार्टर रोडचा तो झगमगाट संपला की पुढे हा दांडा लागतो. तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळ्या मावशीच म्हणतो, दारात हंडे-कळशा मांडून बसल्या होत्या. एका वाटीत भिजवलेली चिंच, दुसरीत जाडं मीठ. खाऱ्या हवेनं काळवंडलेल्या हंड्यावर मावशींचा हात फिरला की मागे सोनेरी पट्टा उमटत होता.

आत गॅसवर सुक्या बोंबलांचं आंबट रटरटत होतं. कोळ्यांकडे माशाच्या कालवणालाच आंबट म्हणतात बरं का, एवढं त्यात चिंचेचं महत्त्व! पण शिजत होतं ते स्टीलच्या टोपात. मी सहज विचारलं, "मावशी, दारात एवढी पितळ आहे, मग आंबट स्टीलमध्ये का?" त्या हसल्या. "पितलेन आंबट ठेवशील त कलकंल ना गो बाय!"

कळकणे! आपल्या आजीच्या तोंडचा हा शब्द हल्ली कानावर पडत नाही. मला मात्र तो चांगलाच महागात पडलेला आहे.

लग्नानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. घरी पाहुणे यायचे होते, म्हणून माळ्यावरचं सासूबाईंचं मोठं पितळी पातेलं मी काढलं, चिंचेनं लखलखीत घासलं आणि त्यात ताकाची कढी केली. उरलेली तशीच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गरम करून वाढली आणि तासाभरात पुतण्याला उलट्या सुरू झाल्या, मग माझ्या नवऱ्याला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कशात केली होती?" पातेल्याची कल्हई तळाशी कधीच उडाली होती. मी नेमकं तेच चकचकीत म्हणून कौतुकानं पाहत होते.

मैत्रिणींनो, गंमत अशी की हंडा उजळतो आणि कढी कळकते, ती एकाच कारणानं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक, ताकात लॅक्टिक, व्हिनेगरमध्ये ॲसेटिक. सगळी सौम्य, म्हणून तर आपण ती खातो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवेनं त्यावर काळा-हिरवट थर चढतो. आम्ल तो थर विरघळवतं, मीठ असलं की आणखी चटकन. बाहेरून घासताना हे विरघळलेलं तांबं पाण्याबरोबर मोरीत जातं. पण आंबट पदार्थ भांड्यात रात्रभर राहिला, तर तेच तांबं पदार्थात उतरतं आणि पोटात जातं. मळमळ, उलटी, तोंडाला धातूची चव. कढी चांगली असते, दही ताजं असतं, पण भांडं विरघळलेलं असतं!

त्यावरचा जुना उपाय म्हणजे कल्हई. भांडं तापवून, नवसागर फिरवून आतून कथलाचा थर द्यायचा. कथील सौम्य आम्लाला सहसा दाद देत नाही. कल्हईवाला हल्ली शोधावा लागतो, पण पितळेत रांधायचंच असेल तर त्याला पर्याय नाही. त्याला कथील शुद्ध आहे ना, हेही विचारा. त्यात शिसं मिसळलेलं असलं तर आगीतून फुफाट्यात. आणि आत कुठेही पिवळा किंवा तांबूस रंग दिसू लागला की ते पातेलं शोभेला ठेवा.

ॲल्युमिनियमचंही थोडंफार असंच. त्यावर एक पातळ संरक्षक थर असतो, तो आम्ल खातं. आतून काळं पडलेलं पातेलं लिंबाच्या साली उकळल्या की पांढरं होतं, ते याचमुळे. त्यात सांबार उकळून लगेच काढलं तर ठीक, रात्रभर ठेवू नये. लोणच्याची फोड ॲल्युमिनियमच्या कागदात बांधून डब्यात दिलीत, तर कागदाला बारीक भोकं पडलेली दिसतील. लोखंडी कढईत आमसूल घातलं की भाजी काळी पडते. विषबाधा नाही, उलट थोडं लोह मिळतं, पण रंग आणि चव जाते. लोणच्याला चिनी मातीची बरणीच का, हे आता निराळं सांगायला नको.

माशाचं मात्र आंबटाशी जमतं. समुद्रातल्या माशाला जो उग्र वास येतो, तो एका उडून जाणाऱ्या अल्कधर्मी द्रव्याचा. चिंच-लिंबाच्या आम्लाशी त्याचा क्षार होतो आणि तो उडत नाही, म्हणून वास मरतो. मासळी चिरून हाताला लिंबू चोळतो ते त्यासाठीच. लिंबू लावलेला मासा पांढरा आणि घट्ट होतो, पण म्हणून तो शिजला असं समजू नका. जंतू त्यानं मरतातच असं नाही. डाळीचं उलट. आधी चिंच घातलीत तर ती शिजता शिजत नाही, म्हणून कोळ शेवटी.

मावशींच्या नातवानं तर मला प्रयोगच दाखवला. तिसऱ्यांची रिकामी शिंपली त्यानं व्हिनेगरच्या वाटीत टाकली. लगेच बारीक बुडबुडे! शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. आपला कडप्प्याचा ओटा, देवघरातला संगमरवर, दोन्ही त्याच द्रव्याचे. लिंबू पिळताना ओट्यावर सांडलं आणि पांढरट ठिपका राहिला, की आपण तो डाग समजून आणखी लिंबानं घासतो! तो डाग नसतो, दगडच खाल्ला गेलेला असतो. तिथे साधं साबणाचं पाणी वापरा. ग्रॅनाइटला लिंबाचं तेवढं भय नाही.

आणि हो, मोरीत ब्लिचिंग पावडर टाकली असेल तर त्यावर व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड कधीही ओतू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात जिवावर बेततं.

मावशींचा शेवटचा हंडा घासून झाला. चिंच जास्त वेळ राहिली तर पितळेवर तांबूस डाग पडतात, जस्त आधी निघून जातं म्हणून. हे काही त्यांना कुणी शिकवलेलं नाही. तरी त्यांनी हंडा लगोलग तीन पाण्यांनी धुतला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि मला म्हणाल्या, "चल, आता जेवाला बस." आंबट स्टीलच्या टोपातूनच वाढलं.