एका कानाने कमी ऐकू येते का?

आपल्याला कान दोन आहेत. एक मंद झाला तरी दुसरा काम भागवतो. मग माणूस म्हणतो, "चालायचंच, वय झालं आता!" पण वयाने येणारा बहिरेपणा बहुधा दोन्ही कानांना सारखाच येतो. तो एकाच कानाला आला, तर कारण शोधलेच पाहिजे.

कारण पुष्कळदा साधे असते. कानात मळ साठतो, कान फुटतो. पण क्वचित कारण खोल आत असते. कानाकडून मेंदूकडे एक नस जाते. आवाजाचा निरोप आणि तोल सांभाळण्याचा निरोप ती मेंदूला पोचवते. या नसेच्या तोल सांभाळणाऱ्या भागावर कधी कधी गाठ येते. डॉक्टर तिला 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' म्हणतात. नाव अवघड आहे, पण घाबरू नका. ही गाठ कर्करोगाची नव्हे. ती सावकाश वाढते. काही गाठी तर वाढतही नाहीत. एम. आर. आय. तपासणीत ती दिसते.

लहान गाठीवर डॉक्टर कधी नुसती नजर ठेवतात, कधी किरणांचा उपचार करतात, कधी ऑपरेशन करतात. ऑपरेशन ठरले की घरचे विचारतात, "डॉक्टरसाहेब, नंतर या कानाने ऐकू येईल ना?"

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतील डॉक्टर हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठीवर ग्रंथ लिहिला. त्या काळी रोगी जगला म्हणजे मिळवली! पुढे १९६० नंतर तिथलेच डॉक्टर विल्यम हाऊस सूक्ष्मदर्शकातून पाहून ही गाठ काढू लागले. तेव्हापासून कान वाचवण्याची आशा वाढली.

शेतकरी ढग आणि वारा पाहून पावसाचा अंदाज करतो. डॉक्टरही तसेच काही खुणा पाहतात.

पहिली खूण गाठीच्या आकाराची. गाठ शेंगदाण्याएवढी, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आत असेल, तर आशा अधिक. लिंबाएवढी झाली, तर आशा फार थोडी.

दुसरी खूण आजच्या ऐकण्याची. रोग्याला शब्द ऐकवतात आणि ते परत म्हणायला सांगतात. जितके शब्द बरोबर, तितकी आशा जास्त. जो कान आधीच गेला, तो ऑपरेशनने सहसा परत येत नाही.

तिसरी खूण नसेच्या कामाची. डोक्याला तारा लावून कानात टिकटिक आवाज सोडतात. मेंदूकडून जबाब स्पष्ट उमटला, तर ते चांगले लक्षण.

चौथी खूण गाठीच्या जागेची. ही नस हाडाच्या बोगद्यातून जाते. बोगद्याच्या कानाकडच्या टोकाला गाठ ठासून भरलेली नसेल, तर बरे.

खुणा चांगल्या असूनही अंदाज चुकू शकतो. नसेजवळून कानाला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी जाते. तिला इजा झाली, तर नस शाबूत राहूनही कान जातो. म्हणून डॉक्टर अंदाज सांगतात, वचन देत नाहीत. त्यावर रागावू नये.

ऑपरेशनचे मार्गही वेगवेगळे आहेत. एक मार्ग आतल्या कानातूनच जातो. त्यात ऐकणे जातेच. म्हणून आधीच विचारा : गाठ केवढी आहे? कोणत्या मार्गाने काढणार? थांबून पाहिले तर चालेल का?

आमचे सांगणे एवढेच. फोन एकदा या कानाला, एकदा त्या कानाला लावून पाहा. एका बाजूला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, कान सारखा गुणगुणतो, चालताना तोल जातो, असे असेल तर कानाच्या डॉक्टरकडे जा. आणि एक कान एकाएकी बंद झाला, तर त्याच दिवशी जा. कानात तेल घालून वाट पाहत बसू नका.