जलाशयावरील सहल : आखणीमागील विज्ञान

रायपूर शहरातील चौबे कॉलोनी ही वसाहत तेथील महाराष्ट्र मंडळामुळे मराठी भाषिकांच्या विशेष परिचयाची आहे. तेथून दक्षिणेस धमतरीमार्गे सुमारे ९० किलोमीटर गेले की टेकड्यांच्या कुशीत महानदी अडवून निर्माण केलेला विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. हाच गंगरेलचा जलाशय, अर्थात रविशंकर सागर. होडीत बसून गळाने मासे धरावेत आणि रात्री काठाजवळ तंबू ठोकून राहावे, असा बेत अशा ठिकाणी अनेकांच्या मनात येतो. मग शिधा, भांडी आणि अंथरुणे ह्यांची यादी होते. परंतु त्याआधी पाण्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तो न जाणल्यास बाकीची सर्व तयारी व्यर्थ ठरते.

जलाशय म्हणजे सरोवर नव्हे

नैसर्गिक सरोवराचा काठ बहुधा स्थिर असतो, जलाशयाचा काठ मात्र वर्षभर सरकत राहतो. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरतो. नंतर शेती, शहरे आणि कारखाने ह्यांसाठी पाणी सोडले जाते आणि उन्हाळ्यापर्यंत पातळी खाली जाते. उतार सौम्य असेल तेथे हा फरक डोळ्यांत भरतो. समजा, दर ५० मीटर अंतरास जमीन १ मीटर उतरते. तेथे पाणी केवळ १ मीटर चढले, तर काठ ५० मीटर आत येईल. म्हणून गवत आणि झुडपे जेथून सुरू होतात, त्या रेषेच्याही वर तंबू उभारावा. खालचा मोकळा, सपाट पट्टा मनास मोह घालतो, पण तो पाण्याच्या मालकीचा असतो.

गंगरेल धरण १९७० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले, तेव्हा पन्नासाहून अधिक गावे बुडीत क्षेत्रात गेली. अशा जलाशयांच्या तळाशी झाडांचे खुंट, बांध व पडक्या भिंती राहून गेलेल्या असतात. पातळी उतरली की त्या पृष्ठभागाजवळ येतात आणि होडीच्या तळास धोका निर्माण करतात. ह्या अदृश्य वाटा स्थानिक नावाड्यास पाठ असतात. त्याला बरोबर घेणे हाच शहाणपणा. धरणाची भिंत, दरवाजे आणि सांडवा ह्यांच्या जवळ तर होडी कधीही नेऊ नये. जवळच्या मुरुमसिल्ली धरणाचा (बांधकाम १९१४ ते १९२३) सांडवा वक्रनलिकेच्या तत्त्वावर चालतो. पाणी ठरावीक उंचीवर पोचले की ते कोणी दरवाजा न उघडताही आपोआप बाहेर पडू लागते.

होडीचे गणित

तरंगणारी होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेत शिकविला जातो. त्याचा उपयोग येथे होतो. पाण्याच्या रेषेवर होडीचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर आहे असे धरू. ६० किलोग्रॅम वजनाचा एक मनुष्य बसला की ती दीड सेंटिमीटर खाली जाते. रिकाम्या होडीची कड पाण्याच्या वर ३० सेंटिमीटर असल्यास सहा जण बसल्यावर २१ सेंटिमीटर उरतात, आणि दहा जण बसल्यावर अवघे १५. स्थिर पाण्यात हेही पुरेसे वाटेल. परंतु वारा सुटला, किंवा मासा लागला म्हणून सारेजण एका बाजूस झुकले, तर तेवढी कड पाण्याखाली जाण्यास क्षणही लागत नाही. उभे राहिल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि होडी अधिकच डळमळते.

मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेस फार जवळची असते. त्यामुळे डोके वर राखण्यास केवळ काही किलोग्रॅमची उचल पुरते, आणि ती जीवरक्षक जाकीट देते. मात्र ते अंगात घालून नीट बांधलेले असावे. उत्तम पोहणाऱ्यालाही ह्या नियमातून सूट नाही.

लाटांची उंची वाऱ्याचा वेग, त्याचा कालावधी आणि मोकळ्या पाण्याची लांबी ह्या तीन गोष्टींवर अवलंबून असते. विस्तीर्ण जलाशयात तिसरी गोष्ट मोठी असते. सकाळी जमीन तापलेली नसते, त्यामुळे हवा बहुधा शांत राहते. म्हणून मासेमारी सकाळी उरकावी. मेघगर्जना ऐकू येताच काठ गाठावा आणि शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटे पाण्यात उतरू नये.

मासा कोठे असतो?

मध्य भारतातील जलाशयांत आढळणारे तीन प्रमुख मासे पाणी जणू आपसात वाटून घेतात. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो पृष्ठभागाजवळील सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली असते, तो तळाचा गाळ उकरून अन्न शोधतो. म्हणजे गळ किती खोल सोडावा, हे माशाचे तोंडच सांगते! उन्हाळ्यात वरचे ऊबदार, हलके पाणी खालच्या थंड, जड पाण्यात सहज मिसळत नाही आणि खोल थरात प्राणवायू कमी पडू लागतो. तेव्हा फार खोल गळ सोडणे निष्फळ ठरते.

छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट ह्या काळात मासेमारीस बंदी असते. हे मासे पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. त्या वेळी पकडलेली एक मादी म्हणजे लाखो अंड्यांचा नाश होय. साचलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. ही अडचण १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी व के. एच. अलीकुन्ही ह्या शास्त्रज्ञांनी माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून दूर केली. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांत तयार करणे शक्य झाले. बंदीचा काळ नसतानाही मत्स्यव्यवसाय खात्याकडे चौकशी करावी आणि मासेमारीचा हक्क ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी घ्यावी. तंबू ठोकण्यापूर्वी वनखात्याचे नियमही पाहावेत.

रात्रीचा मुक्काम

सूर्यास्तानंतर थंड हवा जड होऊन उतारावरून खोलगट भागात साचते. तेथे दवही अधिक पडते. म्हणून किंचित उंचवट्याची जागा निवडावी. तंबूत शेगडी कधीही पेटवू नये. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच प्राण घेतो. मण्यार रात्री हिंडते आणि अंथरुणात शिरू शकते. यास्तव तंबू पूर्ण बंद होणारा असावा, अथवा मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. निघताना विस्तव पाणी ओतून विझवावा आणि राख हातास थंड लागेपर्यंत जागा सोडू नये.

अखेरची तयारी घरीच करावयाची असते. कोण कोण जात आहे, होडी कोठून सुटणार, तंबू कोठे असणार आणि परत किती वाजता येणार, हे एका कागदावर लिहून तो घरातील जबाबदार माणसाच्या हाती द्यावा. ठरलेली वेळ टळली तर कोणाला कळवावयाचे, तेही त्यावर नमूद असावे. आणि सकाळी काठावर उभे असताना नावाड्याने मान हलवून "आज नको" असे म्हटले, तर गळ गुंडाळून काठावरच चूल मांडावी.