कामावरून केव्हां थांबावें?

गर्भवती स्त्रीनें नोकरीवरून नेमकें केव्हां थांबावें, हा प्रश्न आमच्या घरीं ज्या दिवशीं निघाला त्या दिवशीं जेवणाच्या पंक्तींत जितकीं पानें होतीं तितकीं मतें झालीं. आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, सातवा लागला कीं डोहाळजेवण उरकून सूनबाईनें सरळ माहेरीं जावें. चिरंजिवांचें म्हणणें, डॉक्टर सांगतील तें खरें. आमच्या मातोश्रींनीं तर आपण शेवटच्या दिवशींहि विहिरीवरून दोन घागरी पाणी आणल्याची गोष्ट, पूर्वीं अनेकदां सांगितली तशीच, पुन्हां सांगितली. जिच्याबद्दल हें सर्व चाललें होतें ती मात्र ताक वाढीत होती. हात धुतांना तिनें एवढेंच म्हटलें, "बाबा, रजा मोजकी आहे. आधीं घेतली तर बाळाच्या वांट्याची जाते."

हें वाक्य आमच्या डोक्यांतून दोन दिवस गेलें नाहीं. त्याचें कारण पुढें सांगूं. आधीं तिचा हिशेब पाहूं.

१९६१ सालच्या मातृत्वलाभ कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती झाली आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही हेंच प्रमाण कायम ठेवलें आहे. या २६ पैकीं अपेक्षित प्रसूतीपूर्वीं जास्तींत जास्त ८ आठवडे घेतां येतात. (दोन मुलें हयात असतील तर एकूण १२, आणि त्यांपैकीं आधीं ६.) म्हणजे जी आठ आठवडे आधीं थांबली तिला बाळाजवळ १८ आठवडे मिळतात, जी दोनच आठवडे आधीं थांबली तिला २४. निव्वळ अंगावरचें दूध पहिले सहा महिने द्यावें असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. आमच्याकडेही उष्टावण त्याच सुमारास होतें. १८ आठवडे म्हणजे सवाचार महिने होत नाहींत. तेव्हां सूनबाईचें म्हणणें हट्टाचें नव्हतें, गणिताचें होतें.

तथापि या गणितांत एक पद अनिश्चित आहे. डॉक्टर जी तारीख देतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली असते. नेमक्या त्या तारखेस जन्मणारीं मुलें शंभरांत चार-पांचच. ३७ व्या आठवड्यापासून पुढें केव्हांही वेळ येऊं शकते, आणि तारीख उलटूनही आठ-दहा दिवस कांहीं होत नाहीं असेंही पुष्कळदां घडतें. मग ते दिवस पुढच्या रजेंतून कापले जातात. आम्हीं चाळीस वर्षें मुलांना त्रैराशिक शिकविलें, परंतु असें उदाहरण कोणत्याही पुस्तकांत घातलेलें पाहिलें नाहीं.

आतां आमचें कारण. १९९६ सालीं आमच्या शाळेचें वेळापत्रक आमच्याकडे होतें. आमच्या सहकारी एक बाई पांच महिन्यांच्या गर्भवती असतांना आमच्याकडे आल्या आणि दुसऱ्या मजल्यावरील आपले तास तळमजल्यावर मिळतील काय, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें कीं, जूनमध्यें झालेलें वेळापत्रक एका माणसासाठीं फिरत नसतें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पुढें कांहीं आठवडे दिवसांतून चार-पांच वेळां ते जिने त्यांनीं चढले-उतरले, आणि मग तें होईना म्हणून तारखेपूर्वीं ५६ दिवस रजा घेतली. त्या काळीं रजा ९० दिवसांची. बाकी ३४ दिवस उरले. बिनपगारी रजा परवडण्यासारखी त्यांच्या घरची स्थिति नव्हती. पस्तिसाव्या दिवशीं बाई वर्गावर हजर झाल्या, आणि मधल्या सुट्टींत त्यांच्या पातळाचा पदर ओला झालेला साऱ्या शिक्षकांच्या खोलीनें पाहिला. आम्हींही पाहिला, आणि वर्तमानपत्र वर केलें.

गर्भवतीला उभें राहण्याचें अगर कष्टाचें काम ठराविक काळांत तिच्या विनंतीवरून देऊं नये, असें कलम १९६१ च्या कायद्यांतच होतें. तो आमच्या शाळेस लागू होता कीं नव्हता हा वकिलांचा प्रश्न. एक वर्ग खालीं आणण्यास कायद्याची गरज नव्हती. मुंबई इलाख्यानें कामगार स्त्रियांसाठीं पहिला असा कायदा १९२९ सालीं केला, आणि त्याच्या आदल्या वर्षीं डॉ. आंबेडकरांनीं विधिमंडळांत त्या विधेयकाच्या बाजूनें बोलतांना प्रसूतीच्या आधीं व नंतर आईस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे असें प्रतिपादिलें होतें. हें आम्ही मुलांना शिकवीतही होतों.

असो. सूनबाईच्या बाबतींत आम्हीं ठरविलें कीं, प्रथम काम कोणतें आणि त्यांतील कष्ट कोणता हें निराळें करून पाहावें. ती एका विमा कंपनीच्या कचेरींत बसून काम करते. कामाचा तिला त्रास नव्हता. त्रास होता डोंबिवलीहून कोटापर्यंतच्या लोकलचा. जातांना सव्वा तास, येतांना सव्वा तास, आणि त्यांतला पुष्कळसा उभ्यानें. डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें तेंही याला धरूनच होतें. प्रकृति निकोप असेल तर बसून करावयाचें काम शेवटच्या आठवड्यांपर्यंत करण्यास हरकत नाहीं. तासन्‌तास उभें राहणें, जड ओझीं उचलणें, रात्रपाळी, लांबलेले कामाचे तास हीं मात्र अकाली प्रसूतीचा धोका थोडाफार वाढवितात. उलट, कारण नसतां नुसतें बिछान्यावर पडून राहिल्यानें कांहीं लाभ होतो असें दिसून आलेलें नाहीं. पायांत रक्ताची गुठळी होण्याचें भय मात्र वाढतें. हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा उतरला, कारण माहेरची कल्पना याच पायावर उभी होती.

वास्तविक सातव्या महिन्यांत माहेरीं पाठविण्याची चाल बैलगाडीच्या काळांतली. पुढें प्रवास झेपणार नाहीं म्हणून तो आधींच करून टाकावयाचा. चरकाचार्यांनींही गर्भिणीस तेलानें कांठोकांठ भरलेल्या भांड्याप्रमाणें, न हिंदकळेल असें जपावें म्हटलें आहे, आणि नववा महिना लागण्यापूर्वीं सूतिकागार बांधून तयार ठेवावयास सांगितलें आहे. भांडें उचलूंच नये असें म्हटलेलें नाहीं. मातोश्रींच्या घागरींबद्दल आम्हीं त्यांना कांहीं बोललों नाहीं. परंतु त्याच वाड्यांतील त्यांची एक जाऊ बाळंतपणांत गेली हें त्यांनींच कधीं तरी सांगितलेलें आम्हांस आठवत होतें. महाराष्ट्रांत लाख जिवंत जन्मांमागें मातृमृत्यु किती, तर २०१८-२० च्या सरकारी पाहणींत ३३ होते. हा आंकडा घागरींनीं खालीं आलेला नाहीं.

ठरलें असें : आठवड्यांतून तीन दिवस घरून काम करण्याची परवानगी कचेरीकडे लेखी मागावयाची, उरलेले दोन दिवस गर्दी टाळून उशिराच्या गाडीनें जावयाचें, आणि ३८ व्या आठवड्यांत थांबावयाचें. तारीख लेखी कळविली कीं घोळ राहत नाहीं. शिवाय एक अट आम्हीं घरास घातली. सूनबाई घरीं असते म्हणजे मोकळी असते असें कोणीं समजूं नये. दुपारीं ओटी भरावयास येणाऱ्या बायकांपुढें तिला चहाचें तबक घेऊन उभें करावयाचें नाहीं. एकत्र कुटुंबांत कचेरीचें काम सुटलें कीं दुसरें दोन हातांनीं धांवत येतें, हें आम्हीं उभ्या जन्मांत पाहिलें आहे.

याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. आमच्याकडे पोळ्यांस येणाऱ्या बाईंचीही तीच अवस्था होती, सहावा महिना. त्यांच्यासाठीं २६ आठवडे कोठले! सरकारच्या मातृवंदना योजनेंतून पहिल्या अपत्यास पांच हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज सूनबाईनेंच अंगणवाडींत जाऊन भरवून घेतला. बाळंतपणाच्या तीन महिन्यांचा पगार आपण द्यावा कीं न द्यावा यावर घरांत थोडी कुजबुज झाली. दिला.

आणि मग आमचें सारें वेळापत्रक कोलमडलें. ३४ व्या आठवड्यांत सूनबाईच्या पायांबरोबर चेहऱ्यावरही सूज दिसूं लागली व डोकें दुखूं लागलें. तिला वाटलें, गाडीचा शीण. सौभाग्यवतींना तसें वाटलें नाहीं. त्यांनीं त्याच संध्याकाळीं तिला दवाखान्यांत नेलें. रक्तदाब १५० वर १०० होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्यांपासून कचेरी बंद." असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, रक्तस्राव, पाणी जाणें, बाळाची हालचाल मंदावणें, यांपैकीं कांहींही झालें तर आठवडे मोजीत बसूं नये, हें त्या दिवशीं आम्हांस नीट समजलें. या लक्षणांपुढें ३८ वा आठवडा हा आमचा नुसता बेत होता.

औषध सुरू झालें, रक्तदाब दिवसांतून दोनदां वहींत टिपला जाऊं लागला, आणि ३७ व्या आठवड्यांत कळा आणून प्रसूति झाली. मुलगी, अडीच किलो. थांबल्यापासून तीन आठवडे गेले होते. रजेचें काय, या काळजींत सूनबाई असतांना तिच्या मैत्रिणीनें कायद्यांतील दुसरें एक कलम दाखविलें : गर्भारपणामुळें उद्भवलेल्या आजारासाठीं दाखला दिल्यास २६ आठवड्यांखेरीज आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. ती मिळाली. म्हणजे आधींचे तीन आठवडे वजा जाऊनही बाळाजवळ २७ आठवडे तिच्या पदरांत पडले. हें कलम पुष्कळ सुशिक्षित घरांत ठाऊक नसतें. आम्हांसही नव्हतें.

बारशाला आमच्या त्या जुन्या सहकारी बाई आल्या होत्या. सूनबाईजवळ बसून त्यांनीं विचारलें, "थांबलीस तेव्हां कितवा लागला होता?" तिनें सांगितलें. "आणि परत केव्हां जायचें?" "हिला सहा महिने झाल्यावर, काकू." बाईंनीं पाळण्यांत हात घालून मुलीचें पाऊल धरलें. "माझा पस्तीस दिवसांचा होता," त्या म्हणाल्या. "आतां बंगळुराला असतो. चांगला उंच झाला आहे." हें त्यांनीं पाळण्याकडे पाहूनच म्हटलें. आम्ही घुगऱ्यांची वाटी आणावयास आंत गेलों.